हिवाळाही बागेतलाच

इरावतीला एका बागेचा मत्सर वाटत होता. माणसाचा वाटला असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं, अबोला धरता आला असता, गेला बाजार त्याच्या पाठीमागे चार वाईट शब्द बोलता आले असते. ही बाग तिने डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. कॅनडात एडमंटन नावाच्या गावी सुहा नावाच्या मुलीच्या घरामागे ती होती, निम्मं वर्ष बर्फाखाली असायची, आणि तिच्यातली झाडून सगळी फुलं पांढरी होती. लावली होती ती इरावतीच्या आईने. इथे बहरीनमध्ये बसून, फोनवरून.

आई जाऊन नऊ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी दहावा, म्हणून इरावती स्वयंपाकघराच्या टेबलाशी काळे तीळ निवडत बसली होती. पाकिटातले तीळ, निवडलेलेच होते. पण हाताला काहीतरी काम हवं होतं. नवरा गुरुप्रसाद उद्याच्या लोकांसाठी खुर्च्या आणायला गेला होता. मुलगी सावनी वर परीक्षेचा अभ्यास करत होती. अशात सुहाची आई, नूरबानोभाभी आल्या.

पूर्वी बहरीनमधल्याच सनद भागात दोन्ही घरं एकाच मजल्यावर समोरासमोर राहायची. भाभी गुहागरकडच्या, आणि आईचं माहेरही तिथलंच. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात जिन्यात उभ्या उभ्या दोघींचं गोत्र जुळलं होतं. आईला त्या टीचर म्हणायच्या. पुढे इरावती जनाबियाला राहायला आली, भाभींचं कुटुंब जिदहफ्सला गेलं. तरी भाभींचे यजमान शब्बीरभाई दर मंगळवारी दुकानात जाता जाता त्यांना इथे सोडायचे. आई गेल्यापासून तर त्या रोजच येत होत्या.

"जेवलीस काय गो?"

"हो."

"काय जेवलीस?"

इरावती पुन्हा तिळांकडे वळली.

"बघ. नवरा जेवला, पोर जेवली, आणि ही तीळ निवडते." भाभींनी डबा उघडून पुढे सरकवला. "मुगाची खिचडी हाय. लसूण नाय घातली. तुमचं या दिवसांतलं काय चालतं काय नाय ते मला ठावं नाय, म्हणून सगळंच नाय घातलं."

इरावतीने चार घास खाल्ले. भाभी समोर बसून पाहत राहिल्या. मग इतका वेळ जे ओठांवर घोळत होतं ते बोलल्या.

"सुहाचा रोज एकच धोशा. टीचर हॉस्पिटलात होत्या तवा बागेचं काय बोलल्या काय? तिनं मेसेज टाकला होता त्यांना. तिकडं आता थंडी ओसरायला लागली, शनिवारी नवराबायको दोघांना सुट्टी हाय, तर झुडपं छाटायची म्हणते. कुठली छाटू, कुठली ठेवू, असं विचारलेलं. त्याचा जबाब यायच्या आधीच टीचर..." त्यांनी हात हवेत सोडून दिला.

"नेटवर मिळेल की तिला."

"मी पण तेच बोलले. तर म्हणते, नेटवर धा लोक धा गोष्टी सांगतात, मला आजींचं हवं. आता गेलेल्या माणसाचा जबाब मी कुठनं आणू? शेवटी काल बोलली, जाऊ दे मम्मा, सगळीच सारखी कापून टाकते. फुटतील पुन्हा."

इरावतीने चमचा डब्यात ठेवला.

"नाही भाभी. काही बोलली नाही ती. बोलण्याच्या स्थितीतच नव्हती."

हे खोटं होतं.

आई बोलली होती. शेवटच्या दिवशी दुपारी, फुप्फुसांत पाणी भरलेलं असताना, तिने तोंडावरचा मास्क स्वतःच्या हाताने बाजूला केला आणि इरावतीला खुणेने जवळ बोलावलं. इरावती वाकली. नर्स नको नको म्हणत होती तिलाही तिने थांबवलं. इतक्या वर्षांत जे बोलायचं राहिलं ते आता येणार, असं तिला वाटलं. आई एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी बोलली, "सुहाला सांग, हायड्रेंजिया छाट म्हणावं. लायलॅकला हात नको लावू. फुलून गेल्यावर." एवढं बोलून तिने मास्क परत नाकावर ओढला. काम झाल्यासारखे डोळे मिटले. संध्याकाळी ती गेली.

इरावतीने आयुष्यभर पुस्तकं वाचली होती, आणि पुस्तकांतल्या मरणाऱ्या आया पुष्कळ पाहिल्या होत्या. कुणी क्षमा मागून जातं, कुणी आशीर्वाद देऊन. काही नुसत्या हात हातात घेतात, तेवढ्यावरही लेकीचं पुढचं आयुष्य निघतं. आपल्या वाट्याला मात्र निरोप्याचं काम आलं, हे तिला कुठल्या कपाटात ठेवावं ते समजत नव्हतं. म्हणून तिने तो निरोप कुणालाच दिला नव्हता. आधी दुःखाचं कारण होतं, मग पाहुण्यांचं, आणि आता तर ती सरळ नाही म्हणाली होती. नाही म्हणताना जिवाला थोडं गार वाटलं, हेही तिच्या लक्षात आलं होतं.

लायलॅक आपल्या फांद्यांवर आदल्या उन्हाळ्यातच कळ्या धरून ठेवतं. हिवाळा सरताना छाटलं तर त्या कळ्याच जातात. हे इरावतीला माहीत होतं, कारण आईने ते एकदा चहा घेताना सांगितलं होतं. सुहाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी पांढऱ्या फुलांचे तीन लायलॅक होते. लावल्यापासून एकदाही फुलले नव्हते. यंदा पहिल्यांदा फुलायचे होते.

न फुलले तर काय आकाश कोसळणार होतं?

*

इरावतीची आई अरुणाबाई शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायची. बाबा गेल्यावर पुण्याचं घर बंद करून ती बहरीनला आली तेव्हा सनदच्या बाल्कनीत तिने कुंड्या मांडल्या, आणि मे महिन्याने त्या एकेक करून करपवल्या. इरावतीने मग जनाबियाचा हा व्हिला हट्टाने घेतला. पुढे हिरवळ, कडेने मातीचा पट्टा, भिंतीशी दोन खजूर. आईसाठीच घेतला होता. आईने पहिल्या दिवशी हिरवळीवर उभं राहून टाचेने जमीन दाबून पाहिली आणि म्हणाली, "छान आहे हो." पाहुण्यांच्या घरच्या पडद्यांना म्हणावं तसं.

त्या मातीला तिने पुढे कधी हात लावला नाही. कंपाउंडचा माळी थंडीत पिटुनिया लावायचा आणि उन्हाळ्यात उपटायचा. इरावती म्हणायची, "आई, तुला हवं ते लाव की." आई म्हणायची, "लावते ना. जरा थंडी पडू दे." थंडी पडायची आणि निघूनही जायची.

त्याच सुमाराला, चार वर्षांपूर्वी, सुहाने घर घेतलं. ही सुहा शाळकरी असताना सनदला रोज संध्याकाळी आईकडे जीवशास्त्र शिकायला बसायची. पुढे फार्मसिस्ट झाली, लग्न करून नवऱ्याबरोबर, फहादबरोबर, तिकडे गेली. घरामागची उजाड जमीन तिने एक दिवस फोनवर दाखवली आणि विचारलं, आजी, इथे काय येईल? त्या दिवसापासून आई बदलली. सकाळी उठली की आधी चष्मा लावून तिकडचं तापमान बघायची. "काल उणे एकतीस होतं," ती चहा घेताना काळजीने सांगायची. बाहेर बहरीनमध्ये तेव्हा स्वेटरचीही गरज नसायची. बर्फ तिने जन्मात पाहिला नव्हता. एकदा इरावतीने तिला हौसेने बागांचं मोठं सचित्र पुस्तक आणून दिलं. आईने ते आवडीने चाळलं, आणि त्यातलं पान सुहाला फोनवर वाचून दाखवलं.

एकदा इरावती ऑफिसातून आली तेव्हा आईच्या खोलीचं दार उघडं होतं आणि फोनचा आवाज मोठा होता. सुहा म्हणत होती, "पण आजी, इथे सहा महिने सगळं व्हाइटच असतं. त्यात अजून व्हाइट कशाला?"

"अगं, रंगीत लावशील तर पहिला बर्फ पडला की तुला वाटेल, संपली बाग. पांढरी लाव. मग हिवाळाही बागेतलाच."

इरावती सामानाच्या पिशव्या घेऊन पॅसेजमध्ये उभी राहिली. हे वाक्य तिला पुस्तकात सापडलं असतं तर तिने त्याखाली रेघ मारली असती. तिच्या घरात, तिच्या आईने, ते दुसऱ्याच मुलीला सांगून टाकलं होतं. पलीकडून ती मुलगी म्हणाली, "ओके आजी, मग बर्च चालेल?" आणि आई हरखून सांगू लागली की बर्च म्हणजे आपलं भूर्जपत्राचं झाड गं, त्याची साल बघ, एखाद्या म्हाताऱ्याच्या धोतरासारखी. दोघी किती वेळ हसत होत्या.

त्या रात्री जेवताना इरावती म्हणाली, "आपल्याकडेही करू या ना पांढरी बाग. अनंत, तगर, मोगरा. चाफा तर इथे येतोच."

आईने ताटातला भात कालवत उत्तर दिलं, "इथे झाड मेलं की आपल्या हातून मेलं असं वाटतं. तिथे कसं, बर्फ सगळ्यांना एकदाच झोपवतो. उठतील ती उठतील."

"म्हणजे माझ्या दारातलं झाड मरणारच, हे तू धरून चालली आहेस."

"तसं नव्हे गं," आई म्हणाली, आणि सावनीला वाढायला उठली. तसं नव्हे तर कसं, ते तिने सांगितलं नाही, आणि इरावतीने पुन्हा विचारलं नाही. दोघींचं सगळं असंच अर्ध्यावर राहायचं. पूर्ण वाक्यं आई त्या फोनवर बोलायची.

*

भाभी गेल्यावर जयेश गुरुजींचा फोन आला. जयेश एरवी एका कार्गो कंपनीत हिशेब बघायचे आणि सुट्टीच्या दिवशी बहरीनमधल्या मराठी मंडळींची पूजाअर्चा, कार्यं करायचे.

"ताई, उद्या बंदराच्या बाजूला करू या का? तिथे मासळी उतरते, कावळा हमखास मिळतो. आपले लोक तिकडेच करतात."

"नाही. घरीच करायचं. हिरवळीवर."

"जनाबियात मी आजपर्यंत कावळा बघितलेला नाही हो. पिंडाला शिवणार कोण?"

"नाही आला तर दर्भाचा करा."

"करू. शास्त्रात सोय आहे. पण लोक बोलतात."

"बोलू देत."

फोन ठेवल्यावर गुरुप्रसादनेही विचारलं, एवढा आग्रह का. इरावतीने खांदे उडवले. आईने जिवंतपणी या मातीला हात लावला नाही, निदान आता तिच्या नावाचा भात तरी इथे ठेवला जाईल; हे असलं कारण मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं.

*

शुक्रवारी सकाळी ऊन चढायच्या आत लोक जमले. फार नव्हते. मराठी मंडळातली भक्ती आणि तिचा नवरा, गुरुप्रसादच्या ऑफिसातले दोघं, आणि दाराजवळच्या खुर्च्यांवर भाभी आणि शब्बीरभाई. इरावतीला भाऊ नव्हता, सगळं तीच करत होती. जयेश सांगतील तसं तिने पाणी सोडलं, तीळ वाहिले, भाताचे पिंड केले. मग पत्रावळीवर पिंड आणि आईच्या आवडीचे पदार्थ मांडून ती पत्रावळ भिंतीजवळ ठेवली, आणि सगळे मागे सरून उभे राहिले.

आधी बुलबुल आला. पिंडाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, नळाखालचं पाणी प्यायला आणि गेला. मग दोन साळुंख्या उतरल्या. त्यातली एक तुरुतुरु चालत पत्रावळीपाशी आली आणि घारग्याला चोच मारू लागली.

"चालतं का हे?" गुरुप्रसादने हळूच विचारलं.

"साळुंखी नाही चालत," जयेश म्हणाले आणि उपरण्याने तिला हाकललं. ती दोन हातांवर जाऊन परत आली.

"काव, काव," भक्तीच्या नवऱ्याने आवाज काढून पाहिला. आकाश निळं आणि रिकामं होतं.

"व्हिसा संपला असंल त्याचा," शब्बीरभाई पुटपुटले. भाभींनी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

भक्ती पुढे झाली. हात जोडून म्हणाली, "काकू, तुमचं इडलीपात्र माझ्याकडे राहिलंय. उद्याच आणून देते. त्यात जीव अडकवू नका." कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. गुरुप्रसादने सावनीच्या शिक्षणाचा शब्द दिला. पुण्याच्या घराचं नीट करू, असंही सांगून पाहिलं. साळुंखीने घारगा संपवत आणला.

"मम्मा, व्हॉट आर वी वेटिंग फॉर?" सावनीने विचारलं.

उत्तर भक्तीने दिलं. "आजीची काही इच्छा राहिली असेल ना, तर कावळा शिवत नाही. आपण ती पुरी करू असा शब्द द्यायचा. मग येतो."

"सो व्हॉट डिड शी वॉन्ट?"

प्रश्न सरळ होता. सगळ्यांचे डोळे इरावतीकडे वळले. लेकीला नाही तर कुणाला ठाऊक असणार. इरावती या कावळ्याच्या गोष्टीवर विश्वास ठेवत नव्हती. पण विश्वास नसला तरी उत्तर तिला पाठ होतं, अगदी आईच्या शब्दांत. ते इथे, या हिरवळीवर उच्चारायचं म्हणजे सगळ्यांदेखत कबूल करायचं की अरुणाबाईंचा जीव लेकीच्या घरात नव्हता. दुसऱ्याच्या परसात, बर्फात होता.

"तिचं काही राहिलं नव्हतं," ती म्हणाली.

जयेश दर्भाची जुडी घ्यायला वाकले. तेवढ्यात भाभी खुर्चीवरून उठल्या.

"भाऊ, मी बोलले तर चालंल काय? तुमच्यात चालतं?"

"बोला की भाभी. त्यात काय."

भाभी चपला काढून हिरवळीवर आल्या. डोक्यावरची ओढणी सारखी केली. पत्रावळीकडे बघावं की भिंतीकडे ते न कळून त्या मध्येच कुठेतरी बघत बोलल्या, "टीचर, मला ठावं हाय तुमचं काय अडकलंय. दर मंगळवारी तेच तर बोलायचात. इराची चिंता करू नका. तिला मी बघीन. उपाशी ठेवणार नाय."

इरावतीने भाभींकडे वळून पाहिलं. दर मंगळवारी काय बोलायची आई? ती भाभींना विचारू शकली नाही, कारण त्या क्षणी तिला दुसरंच काही हवं झालं होतं. तिला कावळा हवा होता. आत्ता, या शब्दावर, तिच्या नावावर. बँकेत वीस माणसांवर देखरेख करणारी, घरात चार कपाटं पुस्तकं असलेली बाई श्वास रोखून भिंतीच्या कडेकडे पाहत उभी राहिली आणि मनातल्या मनात म्हणू लागली, ये. एवढ्यावर तरी ये. खजुराच्या झावळ्या हलल्या तेव्हा तिला तो आलाच असं वाटलं.

वारा होता. साळुंखीने पंखांत चोच खुपसून खाजवलं. कंपाउंडच्या पलीकडे कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टिंग टिंग आवाज तेवढा येत राहिला.

बराच वेळ गेला. गुरुप्रसादने कपाळ पुसलं. भाभी अजून हिरवळीवर अनवाणी उभ्या होत्या, आणि आपल्या बोलण्याने काम झालं नाही याचं त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं वाईट वाटणं होतं. जयेश म्हणाले, "ऊन वाढतंय. दर्भाचा करू या, ताई?"

"थांबा," इरावती म्हणाली. ती भाभींजवळ गेली. "सुहाला फोन लावा."

"आता? तिकडं रात्र हाय. ड्युटीवर असंल. कशाला?"

"आई बोलली होती. तिच्यासाठी."

भाभींनी तिच्याकडे पाहिलं. "काल तर बोललीस..."

"काल खोटं बोलले."

भाभींच्या तोंडावरून दोन-तीन गोष्टी येऊन गेल्या. मग त्यांनी पर्समधून फोन काढला. "आधी लाव. रागावायचं ते मी मागनं रागवीन."

सुहाने लगेच उचलला. मागे हॉस्पिटलातली कसली तरी यंत्रं वाजत होती. "मम्मा? सगळं ठीक?"

"मी इरावती बोलतेय. सुहा, शनिवारी हायड्रेंजिया छाट. लायलॅकला हात लावू नकोस. ते फुलून गेल्यावर छाटायचं."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला आणि यंत्रं ऐकू येईनाशी झाली.

"हे आजी बोलल्या?"

"हो. गेली त्या दिवशी दुपारी. मी तुला सांगितलं नाही."

का, ते सुहाने विचारलं नाही. तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "आंटी, पुन्हा सांगा. त्या बोलल्या तसंच. त्यांच्या वर्ड्समध्ये."

इरावतीने सांगितलं. सुहाला सांग, पासून फुलून गेल्यावर, पर्यंत. मध्ये आईने जिथे श्वास घेतला होता तिथे थांबून. भक्ती डोळे पुसत होती. तिला नक्की काय चाललंय ते कळलं नसणार, पण ती तशीही लवकर रडायची.

फोन बंद झाला तेव्हा सगळ्यांनीच, अगदी शब्बीरभाईंनीसुद्धा, भिंतीवर पाहिलं. कावळा नव्हता.

"सो इट डिडन्ट वर्क," सावनी म्हणाली.

"नाही," इरावती म्हणाली.

जयेशनी दर्भाची एक काडी वाकवून गाठ मारली, तिला चोचीसारखं टोक काढलं, आणि तो कावळा पिंडाला टेकवला.

*

लोक जेवून गेले. भाभी जाताना रागावायचं विसरल्या, किंवा विसरल्याचं दाखवलं. भांडी मात्र सगळी घासून गेल्या. पाच वाजून गेल्यावर इरावतीच्या फोनवर सुहाचा व्हिडिओ कॉल आला. ती ड्युटीवरून नुकतीच घरी आली होती आणि जाड कोट घालून परसात उभी होती. डोळे सुजलेले होते.

"बघायची, आंटी? आजी म्हणायच्या, तुम्हाला वेळ झाला की दाखव."

तिने फोन वळवला.

एक लाकडी कुंपण. बर्फ, तोही स्वच्छ नाही. कुठे पावलांनी तुडवलेला, कुठे वितळून पुन्हा घट्ट झालेला. त्यातून वर आलेल्या काटक्या. चार सडपातळ भूर्ज. हायड्रेंजियाचे वाळलेले तुरे, प्रत्येकावर बर्फाची टोपी. बाकी काही नाही. इतकी वर्षं जिचा मनातल्या मनात दुस्वास केला ती सवत एखाद्याने पुढे आणून उभी करावी, आणि ती निघावी आजारातून उठलेली, अंगावर शाल पांघरलेली बाई, तसं इरावतीला झालं. तरीही ती नजर काढू शकली नाही. आईने कुठून कुठवर पाहिलं असेल ते ती पाहत होती. कुंपणापासून खिडकीपर्यंत. खिडकीपासून भूर्जापर्यंत.

"आणि हे लायलॅक," सुहा म्हणाली आणि फोन जवळ नेला. उघड्या फांदीच्या टोकाला जोडीजोडीने फुगीर कळ्या होत्या, हिरवट, मटाराच्या दाण्याएवढ्या. "कात्री खिशात घेऊन फिरत होते मी. आंटी, मी उद्या ह्यांनाच आधी कापणार होते."

इरावतीने फोन डोळ्यांजवळ आणला. त्या कळ्या वाचल्या याचा आनंद तिला शोधूनही सापडत नव्हता. होती ती आईसाठीची भूक.

"एक विचारू?" सुहाने फोन पुन्हा आपल्याकडे वळवला. "तुमच्यासाठी काय बोलल्या आजी? शेवटी?"

इरावतीने खिडकीतून बाहेर पाहिलं. गुरुप्रसाद खुर्च्या एकात एक घालून रचत होता.

"ते मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली.

"हो. सॉरी. बरोबर आहे." सुहाने खाली पाहिलं आणि बुटाने बर्फ उकरला. "तुम्ही जवळ होतात. रोजच होतात. मी आपली इथून मेसेज टाकत बसले. बाग झाल्यावर त्यांना इकडे आणायचं होतं मला, त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या, इराला सोडून कशी येऊ."

तिच्या आवाजात जे होतं ते इरावतीने ताबडतोब ओळखलं. चार वर्षं ते तिच्याच घशात होतं. तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं, इतकं की चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तिने फोन थोडा दूर धरला. मग त्या बरं वाटण्याच्या मागोमाग आईचं वाक्य आलं, इराला सोडून कशी येऊ, आणि ते मात्र तिला कुठे ठेवावं लागलं नाही. ते आपलं आपण बसलं.

"थंडी आहे, आत जा," ती म्हणाली.

"जाते. आंटी, पण हायड्रेंजिया छाट म्हणाल्या ना आजी, तर किती छाटू? जमिनीपर्यंत? का अर्ध्यावर?"

इरावतीला माहीत नव्हतं. हायड्रेंजियाचं झाड तिने उभ्या जन्मात जवळून पाहिलं नव्हतं. ते सुहाला सांगून टाकणं सोपं होतं, आणि मग त्या मुलीने फोन ठेवून दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असतं.

"उद्या सकाळी सांगते," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. कात्री आत ठेव."

"ओके, आंटी," सुहा म्हणाली, आणि कात्री घेऊन घराकडे चालू लागली.